थोरली जेवली का?

"थोरली जेवली का?" सुटायच्या बेतातल्या बोटीत पाय टाकता टाकता मिस्त्रींनी मला विचारलं, आणि मी हो म्हणून मान हलवली. ती जेवली नव्हती. मला ते ठाऊक होतं. माझी चूक म्हणाल तर एवढीच, एकदा मान हलवली. पण ती समजायची तर आधी मिस्त्री समजायला हवेत, कारण हा प्रश्न त्यांचा होता. त्यांच्याशिवाय तो कुणाला सुचला नसता.

कुरुंदवाडात आमचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं. ट्रॅक्टरच्या, रिक्षांच्या, घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायच्या, चार्ज करून द्यायच्या, दुरुस्त करायच्या. मिस्त्री वडिलांच्या हाताखाली आले तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी ते रत्नागिरीला मासेमारीच्या बोटींवर वायरिंगची कामं करून आले होते, आणि हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. माणूस नम्र वगैरे अजिबात नव्हता. "कृष्णेच्या ह्या अंगाला न्हाय आन त्या अंगाला न्हाय, माझ्यासारखा मिस्त्री," हे ते स्क्रू पिळता पिळता म्हणत, हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज.

बॅटरीला ते उलटा हात लावत. पोराला ताप आहे का पाहताना आई गळ्याशी लावते तसा. मीटर जवळ असायचा, पण तो नंतर. आधी उलटा हात, मग डोळे बारीक, मग निकाल. "हिला कुणी मारलं?" गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, ती आपोआप गेली. "बॅटरी आपुआप जात न्हाय पावणं. पाणी घाटलं न्हाईसा, तुम्ही मारली." एवढं ऐकून घेऊनही गिऱ्हाईक हसत हसत जायचं आणि पुढच्या वेळी दुकानात डोकावून मलाच विचारायचं, "मिस्त्री न्हाईत व्हय? मग येतो परत."

मी गल्ल्यावर बसलेलो असायचो. मालक.

तुमच्याही कामाच्या जागी असा कुणी माणूस असेल. तो रजेवर गेला की जागा बंद असल्यासारखी वाटते, आणि तुम्ही तिथेच असता तरी ती बंदच वाटते. त्या माणसावर आपण प्रेम करतो असं आपण सांगतो. मीही सांगायचो. खरं म्हणजे मी जळायचो. आमच्या घरचा इन्व्हर्टर एकदा टूं टूं करायला लागला, तर माझ्या बायकोने मला हाक मारायच्या आधी मिस्त्रींना फोन लावला. मी आतल्या खोलीत होतो. बॅटरीचं दुकान माझं, आणि ती फोनवर म्हणत होती, "मिस्त्री, जरा येऊन जाता का? घरात बघणारं कुणी नाही."

एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना मीही एका बॅटरीला उलटा हात लावून पाहिला. डोळे बारीक केले. मला काहीही कळलं नाही. बॅटरी प्लास्टिकसारखी लागली.

ते मला "धाकटं मालक" म्हणत. वडील "थोरलं मालक". वडील होते तोवर ठीक होतं. ते गेल्यावर, माझे केस पांढरे झाल्यावरही मी धाकटाच राहिलो. त्यांच्या मनात काही नसायचं. मी मात्र दर वेळी मोजून घ्यायचो.

वडिलांकडे आम्ल तपासायची काचेची नळी होती. रबरी फुगा दाबायचा, बॅटरीतलं पाणी नळीत ओढायचं, आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते पाहून बॅटरी किती भरली ते सांगायचं. नव्या नळ्या बाजारात पुष्कळ मिळतात. पण ही त्यांनी धंदा सुरू केला तेव्हाची होती आणि तिला ते कुणाला हात लावू देत नसत, मलाही नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. मला म्हणाले, "कपाट उघड. ती नळी काढ." मला वाटलं, आली वेळ. मी नळी पंच्याने पुसली, त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती माझ्यासमोरून मिस्त्रींच्या हातात दिली.

"जप लेका," ते म्हणाले. मला नाही, त्यांना.

त्या दिवशी मी कपाट बंद करायला विसरलो. बायकोने विचारलं, उघडं का टाकलंत? मी म्हणालो, विसरलो. एवढंच बोललो.

आता बोटीकडे येतो.

आमच्याकडे नदी दोन बाजूंनी आहे. पंचगंगा इकडून येते, कृष्णा तिकडून, आणि नृसिंहवाडीला दोघी भेटतात. एरवी ती भेट पाहायला लोक लांबून येतात. पण पुरात त्या आमच्या घरात येऊन भेटतात. एका मोठ्या पुरानंतर गल्लीतल्या तालमीने ठरवलं की आपली स्वतःची बोट हवी. पत्र्याची बोट बांधून घेतली, जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं, आणि विजेचं काम कसं करायचं ते विचारायला तालमीचे वस्ताद आमच्या दुकानात आले.

मी म्हणालो, एक मोठी बॅटरी टाका. तिच्यावर इंजिन चालू होईल, तिच्यावरच दिवे, पाण्याचा पंप, भोंगा. सोपं काम. वस्तादांनी मान डोलावली आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "मिस्त्री, तुमचं काय?"

मिस्त्री हात पुसत आले. "दोन चुली करा."

मग गल्ल्यापुढे उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते अजून तालमीतली पोरं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवतात. "बोटीत दोन जावा बसवायच्या. थोरली म्हंजी एक बॅटरी, फकस्त इंजिन चालू करायला. ती लई खात न्हाय. एक घास खाती, पर येळेवर लागतो. धाकटी म्हंजी बॅटऱ्यांची जोडगोळी, तिच्यावर दिवं, पंप, भोंगा. तिला दिवसभर चरायला लागतं. दोघींस्नी एका ताटात बसवलं की धाकटी समदं खाती आन थोरली उपाशी. मग मधी नदीत चूल कोण पेटवणार? तुमचा आजा?"

वस्ताद हसले. मीही हसलो. हसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

इंजिन चालू झालं की त्यावरचा डायनॅमो आधी थोरलीला चार्ज करणार. ती भरली की रिले नावाची कळ आपोआप लागून धाकटीच्या ताटात वाढणार. आणि इंजिन बंद असताना धाकटी कितीही रिकामी झाली तरी थोरलीला धक्का लागणार नाही. अशी त्यांनी मांडणी केली. शिवाय एक मोठी चावी बसवली, दोघींना जोडणारी. कधी थोरली मलूल झालीच तर धाकटीकडून उसनं घेऊन इंजिन चालू करायचं आणि लगेच चावी उलटी फिरवायची. त्या चावीला त्यांनी लाल चिंधी बांधली. "हिला हात लावायचा तो मी," असं सगळ्या तालमीला बजावलं. "दुसऱ्या कुणी लावला तर हात ठिवून जायचा."

उन्हाळ्यात, हिवाळ्यात बोट तालमीमागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली असायची. ठेवून दिलेली बॅटरी गुपचूप रिकामी होते, हे आमच्या धंद्यात पोराटोरांनाही माहीत. पण पाऊस डोक्यावर येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात राहत नाही. मिस्त्रींच्या लक्षात राहायचं. दुकानातून चार्जर उचलून ते शेडमध्ये जायचे, आधी थोरलीला लावायचे, शेजारी डबा पालथा घालून त्यावर बसायचे. वडिलांच्या नळीने बॅटरीच्या एकेका घरातलं पाणी ओढून पाहायचे. मग चार्जरचे चिमटे काढून धाकटीला. आत येणारं कुणीही आधी "काय मिस्त्री" म्हणायच्या ऐवजी म्हणायचं, "थोरली जेवली का?" "जेवली. आता धाकटी बसलीया." हा तालमीतला रामराम झाला होता.

कुस्तीचं मैदान असलं की मात्र ते न सांगता गायब व्हायचे, माझी चार गिऱ्हाइकं खोळंबायची. मी दुसऱ्या दिवशी रागावून काही बोलायला जावं, तर ते पैलवानाने टाकलेला डाव दुकानाच्या फरशीवर करून दाखवत. गिऱ्हाइकं ती कुस्ती पाहायला थांबत. माझा राग तसाच राहायचा, कुणी न उचललेल्या पार्सलसारखा.

पुढच्या पुरात ती बोट खऱ्या अर्थाने चालली. गल्लीत पाणी, गावात वीज नाही, माणसं उंचावरच्या शाळेत. बोट शाळेच्या पायऱ्यांना लागायची. लोकांना अन्नाइतकीच मोबाईलची भूक होती, कारण कुणाचा भाऊ मळ्यात, कुणाची लेक पलीकडच्या गावात, आणि फोन सगळे बंद पडलेले. मिस्त्रींनी बोटीत इन्व्हर्टर ठेवून धाकटीवर मोबाईल चार्ज करायची सोय केली. पण त्यांचा नियम होता. एका वेळी थोडेच. आधी ज्याचं माणूस अडकलंय त्याचा. बाकीच्यांना ते खुशाल हाकलून देत. "तुझी बायको तुझ्याजवळ बसलीया की. फोन कुणाला करतोस?" लोक हसायचे आणि रांगेत मागे जायचे.

त्या दिवशी दुपारी शाळेतल्या बायकांनी त्यांना जेवायला ओढून नेलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. जाताना ते म्हणाले, "धाकटं मालक, ध्यान ठिवा." मी बोटीत बसलो. एक्स्टेंशन बोर्डाला मोबाईल लोंबत होते, झेंडूच्या माळेसारखे.

थोड्याच वेळात इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि तो बंद झाला. धाकटी रिकामी. पायऱ्यांवर माणसं उभी होती. मी म्हणालो, इंजिन चालल्याशिवाय आता काही होणार नाही, आणि डिझेल माणसं आणायला राखलंय. कुणी रागावलं नाही. फक्त एक बाई आपला फोन परत घेत शेजारणीला म्हणाली, "मिस्त्री असतं तर केलं असतं कायतरी."

मी लाल चिंधीकडे पाहिलं. चावी फिरवली.

इन्व्हर्टर पुन्हा सुरू झाला. "झालं की ओ," कुणीतरी म्हणालं. "मालकांनी केलं." ती बाई परत आली. एक म्हातारा मला बाळा म्हणाला. मी आणखी फोन लावून घेतले. कुणालाच परत पाठवलं नाही. मिस्त्री लोकांना हाकलत, मी नाही हाकलणार, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. थोरलीच्या ताटातलं मी वाटून देत होतो आणि लोक मला आशीर्वाद देत होते. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं मिस्त्रींना हे रोज मिळत होतं.

मग मळ्यातल्या वस्तीवरून निरोप आला. एक बाळंतीण आणि तिची सासू माडीवर अडकल्या होत्या, पाणी जिन्यात चढत होतं. नावाडी आबा धावत आले, फोन सगळे काढून घेतले, बटण दाबलं. स्टार्टर फिरला, पण दमून. घरघर करत, मध्ये थांबत. इंजिन कसंबसं पकडलं. मी पोरवयापासून बॅटऱ्यांमध्ये वाढलेला माणूस, उलट्या हाताला काही कळत नसेल, पण तो आवाज मला कळला. थोरली संपली होती. इंजिन चालू आहे तोवर ठीक. वाटेत बंद पडलं तर दुसऱ्यांदा चालू होणार नाही.

त्याच वेळी मिस्त्री पायऱ्या उतरत आले, हातात अर्धी भाकरी. बोटीत पाय टाकता टाकता इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात ओरडले, "थोरली जेवली का?"

खरं सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की मी चावीला हात लावला. ती बाई अजून तिथेच उभी होती.

मी मान हलवली आणि पायरीवर उतरलो. बोट गेली.

येताना उसाचा पाला बोटीच्या पंख्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं. आबांनी बटण दाबलं तर नुसतं टक टक. बोट प्रवाहाबरोबर निघाली, बाळंतीण, तिचं बाळ आणि सासू आत. पाण्याच्या वर बाभळीचे शेंडे होते. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी एक फांदी पकडली आणि दुसरी बोट येईपर्यंत सोडली नाही. हे मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्या बोटीने ओढत आणलं तेव्हा सगळी जिवंत होती आणि मिस्त्रींचे तळवे उघडत नव्हते. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कायमची आखडली.

उतरायच्या आधी ते वाकून चावीपाशी गेले. जोड लागलेली होती. त्यांनी मनगटाने चावी उलटी फिरवली.

"सकाळी थोरली मलूल हुती," ते वस्तादांना म्हणाले. "म्हणून जोड दिलती. काढायची इसरलो वाटतं." दुसऱ्या कुणी त्या चावीला हात लावला असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांनीच बजावलं होतं ना.

वस्ताद एवढंच म्हणाले, "मिस्त्री, बाळंतीण हुती बोटीत."

"व्हय," मिस्त्री म्हणाले. मी दोन हात लांब उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांच्या हातांना हळद आणायला गेलो.

पूर ओसरला. दुकान धुतलं. मिस्त्री कामाला यायचे, पण आता आधी मीटर लावायचे. मीटरवर विश्वास नसल्यासारखे परत लावायचे. कृष्णेच्या दोन्ही अंगांचा उल्लेख बंद झाला. एका गिऱ्हाइकाने आपणहून विचारलं, "मिस्त्री, मी मारली का ओ बॅटरी?" तर ते म्हणाले, "असंल. न्हायतर माझंच कायतरी चुकलं असंल." गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायला लागलं.

तालमीने बोटीचं काम माझ्याकडे दिलं. मी घेतलं. घेताना "मिस्त्रींना वाईट वाटेल" असंही म्हणालो, वस्तादांना बरं वाटावं म्हणून.

पुढे एके दिवशी मिस्त्री गल्ल्याशी आले, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वडिलांची नळी ठेवली आणि म्हणाले, "थोरल्या मालकांची हाय. तुमच्यापाशीच बरी. मी लेकीकडं चाललो, कबनूरला." माझ्या हाती अखेर ती नळी आली. मी ती कपाटात ठेवली आणि कपाट लावलं.

त्या वर्षी शेडमध्ये पालथ्या डब्यावर मी बसायचो. आधी थोरली, मग धाकटी, सगळं त्यांच्यासारखं. पावसाआधी बोट पाण्यात घालून पाहिली. बटण दाबताच इंजिन लागलं. वस्तादांनी पाठीवर थाप मारली. "मालक, मिस्त्रीपेक्षा भारी काम केलंसा." आयुष्यभर हेच वाक्य ऐकायची इच्छा होती. मी बोटीत परत जाऊन चावीपाशी बसलो. लाल चिंधी अजून तशीच होती, गाठ त्यांची.

दुसऱ्या दिवशी नळी घेतली आणि कबनूरला गेलो. वाटेत गाडीवर बोलायचं सगळं घोकत होतो. सुरुवात वडिलांपासून करायची, मग हळूहळू चावीपर्यंत यायचं, असं ठरवलं होतं.

त्यांच्या जावयाच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू होते. तुम्ही त्या बाजूला कधी गेला असाल तर तो आवाज माहीत असेल, त्यात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मिस्त्री एका कोपऱ्यात स्टुलावर बसून धाग्याच्या कांड्या भरत होते. आखडलेली दोन बोटं बाजूला ठेवून. मला पाहून उठले. हसले. काहीतरी म्हणाले, बहुतेक "धाकटं मालक".

मी वडिलांपासून सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात धरला. मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मी आणखी मोठ्याने, अर्धं गाळून. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी एकदम माझ्या गळ्याला उलटा हात लावला. डोळे बारीक केले. ओठांवरून मला कळलं, ते विचारत होते, ताप हाय काय?

मी ओरडलो. काय ओरडलो ते मलाही ऐकू आलं नाही.

आणि वीज गेली. एकेक करून माग थांबले. पंखे थांबले. शेडमध्ये इतकं शांत झालं की कुणीतरी खोकलं तर सगळ्यांनी तिकडे पाहिलं, आणि मग सगळे आमच्याकडे पाहायला लागले. मिस्त्रींची लेक पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"आता सांगा," मिस्त्री म्हणाले.

मी नळी त्यांच्या हातात दिली. घोकलेलं सगळं गेलं होतं. एवढंच उरलं होतं.

"मिस्त्री, जोड काढायची तुम्ही इसरला नव्हता. मी लावली. थोरली उपाशी हाय हे मला ठावं हुतं, तरी मान हलवली. जळत हुतो तुमच्यावर. मला माफ करा."